कोंबड्यांची उतरंड वाचणारे शेल्डरूप-एब्बे आणि तुमच्या शेडमधील तलंगा

पिंजऱ्याशिवाय, गादीवर किंवा मोकळ्या शेडमध्ये अंड्यावरील कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव एकदा तरी घेतलेला असतो. दोन ठिकाणांहून तलंगा आणल्या आणि एकाच शेडमध्ये सोडल्या. खाद्य भरपूर, पाणी स्वच्छ, गादी कोरडी. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी काही तलंगा कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या, एकीच्या तुऱ्यावर रक्त. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहिली, तर चार-पाच जणींची रिकामीच. आपण आजार शोधू लागतो, औषध आणायला पळतो. पण अशा वेळी बहुधा आजार नसतोच. त्या कळपात कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली, हे ठरत असते.

ही क्रमवारी कशी लागते, हे जगाला पहिल्यांदा नीट मांडून दाखवले ते नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी. ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द आज कार्यालयांपासून राजकारणापर्यंत सगळीकडे वापरला जातो. त्याचे मूळ मात्र कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. या लेखात त्यांचे आयुष्य आणि त्यातून तलंगांच्या संगोपनासाठी काय शिकता येते, हे पाहू.

शिल्पकारांच्या घरातील कोंबडीवेडा मुलगा

शेल्डरूप-एब्बे यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९४ रोजी नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया येथे झाला. याच शहराला १९२५ पासून ओस्लो म्हणतात. वडील अक्सेल एब्बे मूळचे स्वीडनचे, तर आई मेंगा शेल्डरूप नॉर्वेची. दोघेही शिल्पकार. म्हणजे घरात ना शेती, ना कोंबडीपालनाचा धंदा.

उन्हाळ्यात हे कुटुंब शहराबाहेर राहायला जात असे. तिथल्या कोंबड्यांनी लहान थोरलाइफला वेड लावले. इतर मुले कोंबड्यांच्या मागे धावतात, दाणे टाकतात आणि थोड्या वेळाने कंटाळतात. हा मुलगा मात्र एका जागी बसून बघत राहायचा. आपल्याला कळपात सगळ्या कोंबड्या सारख्याच दिसतात. त्याला प्रत्येक कोंबडी वेगळी दिसू लागली. कोणाचा तुरा कसा पडलेला आहे, कोण कशी चालते, कोण कोणाला पाहून वाट बदलते, हे त्याच्या लक्षात येऊ लागले. सुट्टी संपून शहरात परतल्यावरही त्याचे मन त्या कोंबड्यांतच असे.

दहा वर्षांचा होईपर्यंत तो नुसता बघणारा राहिला नव्हता, वहीत नोंदी करू लागला होता. पुढे विद्यापीठाच्या नियतकालिकात जे छापले गेले, त्याची सुरुवात या शाळकरी वहीतली आहे.

वहीत काय लिहिले होते?

त्याची पद्धत इतकी साधी होती की तुम्ही ती उद्या सकाळी वापरू शकता. दोन कोंबड्या एका दाण्यापाशी आल्या की कोणी टोच मारली आणि कोण मागे सरली, एवढेच लिहायचे. मग दुसरी जोडी, मग तिसरी. काही दिवसांनी लक्षात येते की एखाद्या जोडीत टोच नेहमी एकाच बाजूने जाते. आज हिने मारली, उद्या तिने मारली, असे सहसा होत नाही. एकदा ठरले की ठरले.

अशा सगळ्या जोड्या मांडल्या की कळपाची उतरंड उभी राहते. दहा कोंबड्यांच्या कळपात सर्वांत वरची बाकीच्या नऊ जणींना टोचते आणि तिला कोणीच टोचत नाही. दुसरी आठ जणींना टोचते आणि फक्त पहिलीला वाट देते. असे करत सर्वांत खालची नऊ जणींची टोच खाते आणि स्वतः कोणालाच टोचू शकत नाही. दाण्यापाशी, पाण्यापाशी, रात्री बसायच्या दांडीवर आणि अंडी घालायच्या पेटीत, सगळीकडे पहिला मान वरच्या कोंबडीचा असतो.

ही उतरंड नेहमी सरळ नसते, हेही त्याने पाहिले. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते आणि तिसरी पुन्हा पहिलीलाच टोचते. असा त्रिकोण का तयार होतो? कारण क्रम हा ताकदीच्या एकाच मापाने लागत नाही. तो जोडीजोडीने लागतो आणि प्रत्येक जोडीची पहिली गाठ वेगळ्या परिस्थितीत पडलेली असते. त्या दिवशी जी थकलेली, घाबरलेली किंवा पिसे झडण्याच्या काळात होती, ती हरली आणि ती हार पुढेही टिकली.

कळप वाढला की जोड्या किती वाढतात, याचा हिशेब करून बघा. १० कोंबड्यांत ४५ जोड्या होतात, २५ कोंबड्यांत ३०० आणि १०० कोंबड्यांत ४,९५०. म्हणून नव्या तलंगा जुन्या कळपात सोडल्या की गडबड दोन-चार दिवसांत का मिटत नाही, हे या आकड्यांवरून समजते. प्रत्येक नव्या कोंबडीला प्रत्येक जुनीशी नव्याने हिशेब करावा लागतो.

खुराड्यातून विद्यापीठात

शेल्डरूप-एब्बे मोठे झाले, प्राणिशास्त्राकडे वळले आणि कोंबड्या त्यांच्याबरोबर राहिल्या. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात पाळीव कोंबडीच्या रोजच्या जीवनावर प्रबंध सादर केला. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, जर्मनीतील मानसशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा कोंबड्यांच्या समाजजीवनावरचा लेख छापून आला. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. तो लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो.

त्या काळी प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास म्हणजे बहुधा एकेका प्राण्याचा अभ्यास. कळपालाही स्वतःची घडी असते आणि ती मोजता येते, ही गोष्ट नवी होती. तीही परसात फिरणाऱ्या कोंबडीवरून सांगितली होती. कोंबडी हा मूर्ख पक्षी, असा समज तिकडेही होता आणि आपल्याकडेही आहे. शेल्डरूप-एब्बे यांनी दाखवले की या पक्ष्याला आपल्या कळपातील सोबतिणी एकेक करून ओळखता येतात, त्यांच्याशी पूर्वी काय झाले ते आठवते आणि त्याप्रमाणे वागता येते.

ओळख तुऱ्यावरून, आठवण थोड्या दिवसांची

त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासकांच्या कामातून कोंबडीपालकाच्या उपयोगाच्या काही गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट ओळखीची. कोंबडी दुसरीला मुख्यतः डोके आणि तुरा पाहून ओळखते. पुढे प्रयोगांत कोंबड्यांच्या डोक्याचे आणि तुऱ्याचे रूप बदलून पाहिले, तेव्हा रोजच्या सोबतिणी तिच्याशी परकीसारख्या वागू लागल्या.

दुसरी गोष्ट आठवणीची. ही ओळख कायमची नसते. साधारण दोन-तीन आठवडे कोंबडी कळपाबाहेर राहिली की तिची जुनी जागा उरत नाही. आजारी तलंग वेगळी ठेवून बरी केली आणि तीन आठवड्यांनी परत सोडली, तर तुमच्या दृष्टीने ती तीच असते. कळपाच्या दृष्टीने ती पाहुणी असते.

तिसरी गोष्ट जागेची. आपल्या ओळखीच्या जागी कोंबडी धीट असते, परक्या जागी दबते. त्यामुळे भरलेल्या शेडमध्ये एकटी सोडलेली नवी तलंग लढाईआधीच निम्मी हरलेली असते. वजनाने मोठी असली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही.

चौथी गोष्ट वयाची. पिल्ले पहिल्या आठवड्यांत एकमेकांवर उड्या मारतात, छाती काढून उभी राहतात, पण त्यात हार-जीत नसते. तलंगांमध्ये खरा क्रम साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात लागू लागतो. म्हणजे अंडे सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आपण जेव्हा फक्त वजन आणि लसीकरण बघत असतो, त्या काळात कळपाची घडी बसत असते. ती बसत असताना मध्ये हात घातला की त्याची किंमत पुढे अंड्यांत मोजावी लागते.

मायदेशात मिळाली नाही ती जागा

इतके महत्त्वाचे काम केलेल्या माणसाला मायदेशात मान मिळाला असेल, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. विद्यापीठातील एका वजनदार व्यक्तीचा सुरुवातीला त्यांना पाठिंबा होता, तो पुढे तुटला. ज्या विषयात त्यांचे नाव जगभर घेतले जाऊ लागले, त्या विषयात नॉर्वेत त्यांना ना डॉक्टरेट मिळाली ना प्राध्यापकाची जागा. त्यांच्याविषयी लिहिणारे अनेक जण हाच योगायोग सांगतात, की टोचण्याचा क्रम ज्याने शोधला, तोच माणसांच्या कळपात तळाला ढकलला गेला.

पण त्यांनी काम सोडले नाही. इतर अनेक जातींच्या पक्ष्यांत असा क्रम आहे का, हे त्यांनी पाहिले. कीटकांच्या जीवनावर लिहिले. कविताही लिहिल्या. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक मानसशास्त्राचा एक मोठा संदर्भग्रंथ निघाला. त्यात पक्ष्यांच्या सामाजिक वर्तनावरचे प्रकरण लिहायला शेल्डरूप-एब्बे यांनाच सांगण्यात आले. घरच्यांनी नाकारलेली जागा बाहेरच्यांनी दिली.

अमेरिकेत झालेला महत्त्वाचा प्रयोग

शेल्डरूप-एब्बे यांचे काम पुढे नेले ते शिकागो विद्यापीठातील वॉर्डर क्लाइड ॲली आणि त्यांचे विद्यार्थी ए. एम. गूल यांनी. गूल पुढे कॅन्सस राज्यातील कृषी महाविद्यालयात कोंबड्यांच्या वागण्यावर अनेक वर्षे काम करत होते.

या दोघांचा १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक लेअर पाळणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी कोंबड्यांचे दोन प्रकारचे कळप केले. एका कळपातील कोंबड्या तशाच राहू दिल्या. दुसऱ्या कळपातून ठरावीक दिवसांनी एक कोंबडी काढून तिच्या जागी नवी सोडत राहिले, म्हणजे त्या कळपाची घडी कधी बसूच दिली नाही. जात, खाद्य, जागा यांत फरक नव्हता. तरी घडी बसलेल्या कळपातील कोंबड्यांनी जास्त खाल्ले, वजन चांगले राखले, कमी टोचाटोची केली आणि अंडीही जास्त दिली.

या प्रयोगाने शेल्डरूप-एब्बे यांच्या कामाला पुरावाही दिला आणि एका ठिकाणी दुरुस्तीही केली. ते स्वतः या उतरंडीकडे जुलूम म्हणून पाहत. वरचा खालच्याला दाबतो, हाच जगाचा नियम, असे त्यांचे मत बनले होते. त्यांच्या आयुष्यात जे घडले ते पाहता असे मत होणे समजण्यासारखे आहे. पण कोंबड्यांनी थोडे वेगळे उत्तर दिले. क्रम लागेपर्यंत मारामारी असते. क्रम लागल्यावर ती थांबते, कारण खालची वाट देते आणि वरचीला टोचायची गरज उरत नाही. बसलेली उतरंड ही कळपातील शांतता आहे. त्रास होतो तो उतरंड पुन्हा पुन्हा मोडली की, किंवा खालच्या कोंबडीला वाट द्यायला जागाच नसली की.

मोठ्या कळपात काय होते?

शेल्डरूप-एब्बे यांचे कळप लहान होते. आज पिंजऱ्याविना असलेल्या शेडमध्ये शेकडो, कधी हजारो कोंबड्या एकत्र असतात. एवढ्या सगळ्यांना ओळखून प्रत्येकीशी क्रम ठरवणे कोणत्याही कोंबडीला शक्य नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसले, की मोठ्या कळपात कोंबड्या एकेकीची ओळख ठेवण्याऐवजी समोरचीचा तुरा आणि अंगाचा आकार पाहून वाट देतात किंवा दुर्लक्ष करतात. त्यामुळे मोठ्या कळपात मारामारी अपेक्षेपेक्षा कमीही असू शकते. मात्र ज्या तलंगा वाढीत मागे राहिल्या, त्यांचा तुरा लहान आणि अंगही लहान. त्या सर्वांपुढे दबतात, मागून खातात, उरलेला बारीक चुरा खातात आणि आणखी मागे राहतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळ्या टोचा सारख्या नसतात. उपाय करण्याआधी कोणती टोच आहे, हे ओळखा.

क्रमाची टोच समोरून येते, डोक्यावर आणि तुऱ्यावर बसते. ती झटक्यात होते आणि मार खाणारी लगेच मागे सरते.

पिसांची टोच मागून येते. पाठ, शेपटी आणि पोटाकडची पिसे ओढली जातात. याचा मानापमानाशी संबंध नाही. कोंबडीला जमीन उकरून, चोचीने टोचून खाद्य शोधायचे असते. गादी ओली, घट्ट किंवा नसल्यासारखी असली, की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. खाद्यात प्रथिने, मिथिओनिन किंवा मीठ कमी पडले तरी हा त्रास वाढतो.

गुदद्वाराची टोच बहुधा अंडे सुरू झाल्यावर दिसते. अंडे घातल्यावर तो भाग क्षणभर बाहेर आलेला लाल दिसतो. पेटीत आडोसा नसेल, उजेड जास्त असेल किंवा कोंबडी जमिनीवरच अंडे घालत असेल, तर इतर तिथे टोचतात. रक्त दिसले की कळप तुटून पडतो आणि मरतूक सुरू होते.

पहिल्या टोचीसाठी वेळ, जागा आणि स्थिर कळप लागतो. दुसरीसाठी कोरडी गादी आणि समतोल खाद्य लागते. तिसरीसाठी दांड्यांची सवय आणि अंधाऱ्या पेट्या लागतात. तिन्हींवर चोच कापणे हा एकच उपाय करत राहिलो, तर मूळ कारण शेडमध्ये तसेच राहते. शेल्डरूप-एब्बे यांच्या नॉर्वेत चोच कापायला बंदी आहे आणि तरीही तिथे पिंजऱ्याविना अंड्यावरील कोंबड्या पाळल्या जातात.

तलंगांच्या वयाप्रमाणे काय करावे?

पहिले चार आठवडे : पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवून ते दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करा. गादीसाठी भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा वापरा आणि तो रोज हलवा. याच काळात कमी उंचीच्या दांड्या लावा. स्वीडनमधील व्यावसायिक कळपांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या तलंगांना चौथ्या आठवड्याच्या आत दांड्या मिळाल्या होत्या, त्यांच्यात पुढे जमिनीवर अंडी घालण्याचे आणि गुदद्वाराच्या टोचीचे प्रमाण कमी दिसले. वर उडून बसायला लहानपणी शिकलेली कोंबडी पेटीतही जाते आणि टोच चुकवून वरही जाते.

पाच ते दहा आठवडे : हा क्रम लागण्याचा काळ. दोन गट एकत्र करायचे असतील तर सहाव्या आठवड्याच्या आत करा. मागे राहिलेल्या तलंगाही याच सुमारास वेगळ्या काढा आणि त्यांचा वेगळा गट कायम ठेवा. दर आठवड्याला १०० तलंगांचे वजन करा. त्यांतील किमान ८० जणींचे वजन सरासरीच्या १० टक्के कमी-जास्त या मर्यादेत असावे. उदाहरणार्थ, सरासरी १,२०० ग्रॅम असेल तर ८० जणी १,०८० ते १,३२० ग्रॅममध्ये बसल्या पाहिजेत. आकडा यापेक्षा कमी आला, तर खाद्य कमी आहे असे लगेच समजू नका. आधी बघा, की सगळ्यांना एका वेळी खाद्यापाशी उभे राहता येते का.

अकरा ते पंधरा आठवडे : या काळात तलंगांची अदलाबदल टाळा. प्रकाशाचे तास वाढवू नका. लवकर अंडे सुरू झाले तर लहान अंगाच्या तलंगांना त्रास होतो आणि गुदद्वाराच्या टोचीचा धोका वाढतो.

सोळा-सतरा आठवडे : अंड्याच्या शेडमध्ये हलवायचे असेल तर पहिले अंडे येण्याआधी हलवा. संपूर्ण कळप एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी, कमी उजेडात न्या. एका कप्प्यात वाढलेल्या तलंगा नव्या शेडमध्येही एकत्रच ठेवा. खाद्याची आणि पाण्याची भांडी त्यांच्या सवयीची असू द्या. नाइलाजाने दोन गट एकत्र करावेच लागले, तर दोन्ही गटांना नव्या जागेत एकाच वेळी सोडा, म्हणजे जागेचा हक्क कोणाकडेच नसतो. मधे पेंढ्याचे गठ्ठे किंवा पत्र्याचे आडोसे ठेवा, म्हणजे हरलेलीला नजरेआड होता येते.

अंडे सुरू झाल्यावर : गादीवर एका कोंबडीला साधारण २ चौरस फूट जागा द्या. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशात पिंजऱ्याविना कोंबड्यांसाठी काही मापे ठरवली आहेत. एका कोंबडीला दांडीवर १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६ इंच जागा. लांब खाद्यपात्रावर १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४ इंच. सात कोंबड्यांमागे किमान एक पेटी. आपल्याकडेही ही मापे ताडून बघायला हरकत नाही. खाद्यपात्रे एकाच रांगेत न ठेवता शेडभर विखरून ठेवा. वरच्या क्रमाची कोंबडी एका वेळी एकच पात्र अडवू शकते.

आजारी किंवा जखमी कोंबडी परत सोडताना : जखमी कोंबडी लगेच वेगळी काढा, पण शक्य असेल तर त्याच शेडमध्ये जाळीआड ठेवा. कळपाला ती दिसत राहू द्या. परत सोडताना एकटी सोडू नका, दोन-तीन जणी एकत्र आणि रात्री दांडीवर बसवा.

अखेरची वर्षे

शेल्डरूप-एब्बे १९७६ मध्ये वारले. त्यांच्या हयातीतच अंड्यावरील बहुसंख्य कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत गेल्या होत्या. पिंजऱ्यात चार-पाच जणींची उतरंड चटकन लागते आणि पाळणाऱ्याला ती पाहावी लागत नाही. त्यामुळे काही दशके त्यांचे काम मानसशास्त्राच्या पुस्तकांत राहिले, कोंबडीपालनाच्या शेडमध्ये त्याची फारशी आठवण कोणाला झाली नाही. युरोपात २०१२ पासून जुन्या पद्धतीचे पिंजरे बंद झाले, कोंबड्या पुन्हा गादीवर आल्या आणि लहानपणी त्यांनी ज्या गोष्टींच्या नोंदी केल्या होत्या, त्याच गोष्टी पुन्हा रोजच्या कामाच्या झाल्या.

तुम्ही पिंजऱ्याशिवाय तलंगा वाढवत असाल, तर त्यांची पद्धत एक दिवस वापरून बघा. सकाळी खाद्य टाकल्यावर लगेच बाहेर पडू नका. दहा मिनिटे भिंतीला टेकून शांत उभे राहा. कोण पुढे येते हे सोडून द्या, ती आपले बघून घेईल. मागे कोण थांबते ते बघा. तिच्या पायात रंगीत कडी घाला आणि संध्याकाळी दांडीवर बसल्यावर तिची अन्नपिशवी चाचपा. ती भरलेली असेल, तर तुमच्या कळपाची घडी बसली आहे आणि जागा पुरेशी आहे. ती सलग दोन-तीन दिवस रिकामी लागली, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी खाद्यपात्रे मोजा.